नमुना

पहाटे साडेपाचला विडी घरकुलाच्या कोपऱ्यावर
मी रिक्षाला हात केला तेव्हा माझ्याकडे
कुल्फीवाल्याकडून मागून आणलेली बर्फपेटी होती
आणि तिच्यात माझ्या भावाची शी.

हसा. रिक्षावालाही हसला असता,
पण त्यानं विचारलं, "मासळी का?"
"तसंच," म्हटलं, "नाशवंत."
सात रस्त्याच्या लॅबमधून सातची गाडी गाठायची,
पुण्याला.

वेणू एकोणीस वर्षांचा.
सतरा वेळा न्यूमोनिया, कान फुटणं मोजलंच नाही,
कपाटात चादरींपेक्षा केसपेपर जास्त.
त्याचं रक्त शिपाई घडवत नाही, हे एवढं वाक्य
कळायला अकरा वर्षं लागली,
तीन डॉक्टर, एक देवऋषी, आणि एक शेजारीण
जी म्हणाली, पोरगं नाटकी आहे.

महिन्यातून एकदा त्याला बाटली चढते.
हजारो अनोळखी माणसांच्या रक्तातून गाळलेली;
त्यांचे गोवर, त्यांची पडशी,
त्यांनी न कळत जिंकलेल्या लढाया
थेंब थेंब त्याच्या दंडात.
पण आतड्याच्या अस्तराला जो पहारेकरी लागतो
तो त्या बाटलीतून येत नाही.
करजगीबाईंनी केसपेपरच्या पाठीवर नळी काढली:
"इथं एक गाव असतं. कोट्यवधी जीव, बहुतेक भलेच.
तेच शिकवतात शरीराला,
कुणावर धावून जायचं
आणि कुणाला पोटात घ्यायचं."

पोटात घेणं.
मला वाटायचं, हे आईचं काम.
बाबांनी पगार उडवला, मी दहावीला आपटले,
आई म्हणायची, जाऊ दे, घेतलं पोटात.
कुठं ठेवते एवढं सगळं?
विड्या वळताना तिचं पोट तर पाठीला लागलेलं असायचं.

वेणूच्या पोटातलं गाव उठलं.
दर तापाला गोळ्या, दर गोळीला थोडी वस्ती कमी,
उंदरासाठी गोदाम पेटवावं तसं.
उरले चार धटिंगण.
भिंत पाझरते. आणि ज्याला शत्रूशी लढता येत नाही
ते शरीर
स्वतःच्याच घरात काठी घेऊन फिरतं.
मागच्या उन्हाळ्यात पोट बिघडलं ते बिघडलंच.
अडतीस किलो.

अहवाल आला. रंगीत पट्टे.
मी टॉवेलच्या कारखान्यात घडीवर आहे, पट्टे मला कळतात.
शेजारी छापलेला निरोगी माणसाचा पट्टा
बारीक बारीक, मोजता येणार नाहीत इतक्या रंगांचा.
वेणूचा दोन रंगांत संपलेला.
असा माल आम्ही सेकंडमध्ये टाकतो.
"यामुळे तो आजारी की आजारामुळे हे असं?"
करजगीबाईंनी चष्मा काढला.
"नक्की कुणालाच माहीत नाही अजून."
त्या क्षणी मला त्या पहिल्यांदा आवडल्या.

आईला मात्र माहीत होतं.
ज्वारीचं पीठ, ताक, मडक्यात रात्रभर: अंबील.
"आत्ता नको," बाई म्हणाल्या. "जिवंत काहीच नको."
"घरचं आहे ते."
"घरचं कुठलं, परकं कुठलं,
हेच तर त्याला ओळखू येत नाही, अक्का."
जिना संपेपर्यंत आई बोलली नाही.
खाली येऊन म्हणाली, रिक्षा नको, चालू.

मडकं तिनं फेकलं नाही. आम्ही बाकीचे पितो.

आज पाण्याचा दिवस, पाचवा.
गल्लीभर मोटारी, ड्रम, नळीवरून भांडणं.
त्याच्या वाटणीचं पाणी उकळत ठेवून
वळले, तर वेणू फडताळाशी
उकिडवा,
मडक्याला कान लावून.
"हात लावशील तर बघ!"
"नाही लावत. ऐकतोय."
मग आईच्या तेलुगूत, हळू,
कुणी झोपलंय अशा आवाजात,
"बतिकुन्नाय."

जिवंत आहेत.